गौरवीताईचा ‘नाटक खंय’ नंबर

आमच्याकडे काजू ठेवायची एक खोली आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे काजूबिया, आणि बाकी वर्षभर गौरवीताई. एक मेज, एक कदेल म्हणजे खुर्ची, खिडकीबाहेर फणस, आणि कोपऱ्यात जुना फ्रिज. गावातली माणसं मुद्दाम डोकावतात आणि विचारतात, “बाय, तुझां मशीन खंय?” सर्व्हर मुंबईत भाड्याचा आहे, हे समजावून समजावून ताईचं तोंड दुखलं. आता ती सरळ फ्रिजकडे बोट दाखवते. माणसं फ्रिजकडे आदराने बघतात आणि जातात. एकदा देवळातल्या धाकूकाकांनी त्या फ्रिजला पाया पडता पडता स्वतःला सावरलेलं मी बघितलंय.

गौरवीताई माझी चुलत बहीण. एकोणतीस वर्षांची, डिचोलीला डिप्लोमा केलेली, मग चार वर्षं पर्वरीला नोकरी, आता दिवसभर घरून कुठल्यातरी कंपनीचं काम करते आणि उरलेल्या वेळात ‘नाटक खंय’, म्हणजे ‘नाटक कुठे’, चालवते. मी म्हापशाला कॉलेजात, सेकंड इयर. माझं काम टेस्टिंग. म्हणजे ताई काही नवीन केलं की मी मूर्खासारखे मेसेज पाठवायचे आणि बघायचं की ते बंद पडतं का. या कामात मी खरंच हुशार आहे.

‘नाटक खंय’ म्हणजे काय ते आधी सांगते. तुळशीचं लग्न झालं की आमच्या पेडणे तालुक्यात आणि पलीकडे सिंधुदुर्गात गावोगाव जत्रा, आणि जत्रेला दशावतारी नाटक. रोज कुठे ना कुठे, एकेका रात्री दहा-दहा ठिकाणी. आज कोणतं मंडळ कुठे आहे हे कळायला पूर्वी माणूस माणसाला विचारायचा, नाक्यावर, बसमध्ये, मासळीवालीला. आता तुम्ही ताईच्या नंबरला नुसतं “पेडणे” किंवा “बांदा” लिहून पाठवा, पाच सेकंदांत उत्तर: कुठलं मंडळ, कुठल्या देवळात, तुमच्यापासून किती लांब, वाटेत धुकं पडणार का. आमची यादी दोन हजार तीनशे सोळा माणसांची आहे. आकडा मला पाठ आहे, पुढे कळेल का ते.

हे सगळं ताई एकटी कुठून आणते? बाहेरून. तिथींचा हिशोब एका पंचांगवाल्या साइटकडून, अंतर नकाशावाल्याकडून, धुकं हवामानवाल्याकडून, आणि मेसेज पाठवणारी कंपनी चौथी. ताईचा कोड मधे बसून सगळ्यांना विचारतो, उत्तरं जोडतो आणि पुढे देतो. मला एपीआय म्हणजे काय ते कळत नव्हतं तेव्हा तिने पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला तसं मला बाहेर पाठवलं.

“काय आणलंस?”

“उंडे.”

“त्याची भट्टी बघितलीस?”

“कशाला बघू?”

“तेच. तू मागितलंस, त्याने दिलं. भट्टी कुठे, पीठ कोणाचं, तुला घेणंदेणं नाही. आता सांग, उद्या तो आलाच नाही तर?”

“कालचे उंडे तापवून खायचे.”

“मग कालचे उंडे ठेवलेले पाहिजेत. तू सर्व्हिस चालवायला लायक आहेस.”

मी तेव्हा फुशारकीने अख्खा उंडा एकटीने खाल्ला.

म्हणून पंचांगवाला झोपला तर ताईची सर्व्हिस झोपत नाही. ती आदल्या दिवसाचं उत्तर काढून देते आणि खाली लिहिते: “पंचांगवालो खंय गेलो खबर ना, कालचां सांगतंय.” हे वाक्य लोकांना इतकं आवडतं की पंचांगवाला बंद सापडावा म्हणून काही जण मुद्दाम पहाटे मेसेज करतात.

सुरुवात झाली ती आबांमुळे. आबा म्हणजे ताईचे वडील, माझे मोठे काका जयराम. शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद झाली तेव्हा ट्रक विकला, पण नाटकाचं वेड कोण विकत घेणार. एकदा कोणीतरी सांगितलं म्हणून ताईला स्कूटरवर मागे बसवून तीस किलोमीटर गेले, आणि तिथे देऊळ अंधारात, एक कुत्रा आणि एक विझलेला पेट्रोमॅक्स. नाटक आदल्या रात्री होऊन गेलेलं. ताई सांगते, आबा देवळाच्या पायरीवर बसले, पिशवीतले शेंगदाणे काढले, तिला दिले, कुत्र्याला दिले, आणि रिकाम्या रंगमंचाकडे बघत स्वतःच दशावतारातल्या संकासुर राक्षसाचा आवाज काढून दाखवला. कुत्रा पळून गेला. ताई म्हणते त्या रात्री तिला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं, की घरी येऊन तिने पहिल्या पानाचा कोड लिहायला घेतला.

तर आता गेल्या डिसेंबरची गोष्ट.

आमच्या गावाची जत्रा मार्गशीर्षात. पंचांगवाल्याच्या हिशोबाने ती गुरुवारी होती. आमच्या जत्रेला दरवर्षी एकच मंडळ येतं, पांडुरंगमामांचं, पलीकडे सिंधुदुर्गातलं. पांडुरंगमामांनी दोन वर्षांपासून मंडळाच्या तारखा डायरीतून काढून ताईच्या सर्व्हिसमध्ये घातल्यात. त्यांनीच सांगून ठेवलेलं, “बाय, रिकामी तारीख दिसली आणि कोण मागूक इलो, तर माका इचारू नको, देवन टाक.” म्हणून ताईने तसा कोड लिहिला. रिकामी तारीख, कोणी मागितली, दिली, पक्कं झालं. माणूस मधे नाही. ताईला या भागाचा फार अभिमान होता.

आणि आमच्याकडे एक रीत आहे. जत्रेच्या आधीच्या रविवारी देवळात सातेरीदेवीला कौल घालतात. धाकूकाका देवीला पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, आणि विचारतात की अमुक दिवशी जत्रा करू का. उजवी पाकळी पडली की हो. डावी पडली की नाही, मग दुसरा दिवस विचारायचा. हे मला माहीत, ताईला माहीत, शेंबड्या पोरालाही माहीत. पण बारा वर्षं देवीने दर वेळी उजवीच दिलेली. त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात ते हळूहळू असं झालेलं की तिथी ठरलेली, कौल म्हणजे देवीला कळवायचं. ताईच्या कोडमध्ये पंचांग होतं, नकाशा होता, धुकं होतं. देवी नव्हती.

त्या रविवारी सकाळी डावी पाकळी पडली.

गुरुवार नाही. शुक्रवार विचारला, डावी. शनिवार विचारला, उजवी. देवळात पन्नास माणसं होती आणि दुपारपर्यंत सगळ्या गावाला, वाड्यावाड्याला, चुलीचुलीला कळलं, फक्त काजूच्या खोलीत बसलेल्या आम्हा दोघींना सांगायला कोणी आलं नाही. आणि आबा तिथे पहिल्या रांगेत बसलेले. घरी आले, बांगड्याचं तिखलं जेवले, दोनदा भात घेतला, आणि झोपले.

दुपारी चार वाजता ताईच्या सर्व्हिसने दर रविवारसारखा आठवड्याचा मेसेज सोडला. गुरुवारी आमच्या गावी जत्रा, पांडुरंगमामांचं मंडळ, जरूर या. दोन हजार तीनशे सोळा माणसांना. वर आणि काय झालं, मेसेजवाली कंपनी त्या दिवशी हळू चालत होती. ताईचा कोड पाच सेकंद थांबला, उत्तर आलं नाही, त्याला वाटलं गेलं नाही, त्याने परत पाठवलं. परत उत्तर नाही. परत पाठवलं. मेसेज पहिल्यांदाच गेलेला होता. नुसती पोच यायला उशीर. म्हणजे प्रत्येकाला तोच चुकीचा दिवस तीन-तीनदा.

चार वाजून दहा मिनिटांनी हरमलहून सत्यवतीमावशींनी मंडळाची शनिवारची तारीख मागितली. सर्व्हिसला शनिवार रिकामा दिसला. दिला. पक्कं.

सोमवारी सकाळी ताई दात घासत होती तेव्हा देवस्थान कमिटीचे अध्यक्ष गोकुळदास अंगणात येऊन उभे राहिले. हातात फोन, चष्मा कपाळावर.

“गौरवी बाय, माका तीनदां आमंत्रण दिलंस, बरां वाटलां. पण गुरुवारी तीन गावांची लोकां येतली त्यांका दाखवतलंय काय? देवीन शनवार दिलोसा.”

ताईच्या तोंडात पेस्ट होती. ती तशीच आबांकडे वळली. आबा पायरीवर चहात उंडा बुडवत होते.

“आबा, तुम्ही देवळात होतात ना?”

“होतंय.”

“मग मला सांगितलं का नाही?”

आबांचा उंडा चहात पडला. खरंच पडला, विरघळला. “माका वाटलां तुझ्या मशिनाक कळलां आसतलां. ताका सगळां कळता.”

मला हसू आवरेना आणि ताईचा चेहरा बघून रडूही यायला लागलं. ती आत पळाली, तोंड धुवून लॅपटॉप उघडला, आणि दोन मिनिटांनी तिथूनच अगदी हळू आवाजात म्हणाली, “सेजल, शनिवार गेला. मी शनिवार हरमलला देऊन टाकला.”

जत्रा शनिवारी. नाटक नाही. आमच्या गावात जत्रा आणि नाटक नाही असं कोणाच्या आठवणीत झालेलं नाही. आणि ते बंद पाडणारी आमची गौरवीताई, जिने हे सगळं आबांना नाटक चुकू नये म्हणून सुरू केलं.

तिने पांडुरंगमामांना फोन लावला. स्पीकरवर ठेवला.

“मामा, शनिवार परत पाहिजे.”

“बाय, शनवार हरमलाक दिलो. शब्द गेलो माजो.”

“तो तुमचा शब्द नव्हता, माझ्या कोडचा होता.”

“तुज्या कोडाक माजो शब्द देवक मीच सांगितलेलंय ना? मग तो माजोच. तू जावन त्येंका इचार. त्यांनी सोडलो तर मी गुरुवारी हरमलाक उभो ऱ्हवतंय आणि शनवारी तुमच्याकडे. पण सोडूक मी सांगूचंय नाय.”

दुसऱ्या कुठल्या मंडळाला का नाही विचारलं, असं कोणी म्हणेल. विचारलं ना. सर्व्हिसमध्ये सगळ्या मंडळांच्या तारखा आहेत, त्या शनिवारी एकही रिकामं नव्हतं. ते बघायला ताईला चार सेकंद लागले. तिची स्वतःची सर्व्हिस इतकी चांगली चालत होती की वाईट बातमी पण झटकन मिळाली.

आम्ही आबांची स्कूटर काढली आणि हरमलला गेलो. मी मागे बसून सारखी म्हणत होते, “ताई रडू नको,” आणि ती म्हणत होती, “मी रडत नाहीये, वारा आहे.” वारा होताच. पण इतका नव्हता.

सत्यवतीमावशी समुद्राच्या बाजूला सहा खोल्या भाड्याने देतात. आम्ही पोचलो तेव्हा खोल्यांच्या मागे दोरीवर चादरी वाळत घालत होत्या. चादरींमधून फक्त त्यांचे पाय आणि आवाज. ताईने सगळं सांगितलं, एका दमात, कौल, पंचांग, टाइमआउट, सगळं. चादर हलली नाही.

“म्हणजे तुझ्या मशिनान होय म्हटल्यान,” मावशींचा आवाज आला, “आणि आता तू ना म्हणतंस.”

“हो.”

“मशीन बरां तर. तुझ्यापरस शब्दाक पक्कां.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर ताईने माझा पाय दाबला.

मावशी चादर बाजूला करून पुढे आल्या. दातात दोन चिमटे. “आमी अकरा बायका. सगळ्यांच्या खोल्यो. सीझनात आमकां नाटकाक जावक गावना, पाहुण्यांक सोडून जातलांव खंय? म्हणून यंदा म्हटलां नाटकच हंय हाडूया. पयलांच वर्स. बॅनर छापूक दिलोसा. शनवार.”

“गुरुवारी केलं तर चालणार नाही?”

“गुरुवारी कोण येतलो? मधलो वार. रंगमंचार राजा आणि खाली आमी अकरा बायका आणि चार कुत्रे.”

आणि तेव्हा ताईच्या डोक्यात ते आलं. मी तिच्या चेहऱ्यावर बघितलं, डोळे एकदम मोठे, कोडमधला बग सापडल्यावर होतात तसे.

“मावशी,” ती म्हणाली, “गुरुवारी दोन हजार तीनशे सोळा माणसं नाटकाला निघणार आहेत. याच मंडळाच्या. मी त्यांना तीन-तीनदा सांगितलंय. कोणी विसरणार नाही. फक्त कुठे जायचं ते चुकीचं सांगितलंय. मी त्यांना सांगते, वार तोच, मंडळ तेच, जागा हरमल.”

मावशींनी चिमटे तोंडातून काढले.

“किती म्हटलंस?”

“दोन हजार तीनशे सोळा. सगळे नाही येणार. पण निम्मे आले तरी…”

“निम्मे इल्यार माका कदेलां भाड्यान हाडूची पडतली.” त्यांनी चादरीचं टोक सरळ केलं आणि एकदम म्हणाल्या, “देवीन शनवार मागलो म्हणतंस?”

“हो. दोन डाव्या, मग उजवी.”

“मग मी कोण मधी पडूक. घे तुझो शनवार.” आणि मग चिमटा चादरीला लावता लावता, “खरां सांगू? शनवारी माझ्यो सगळ्यो खोल्यो भरलेल्यो. पाहुण्यांक चहा देवचो की नाटक बघूचां, म्हणून मीच काळजी करी होतंय. तुझां मशीन दुसरी तारीख दाखवना, म्हणून शनवार घेतलो.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“तू इतक्या लांबसून रडत इलंस, थोडो वेळ तरी घेवक नको?”

ताई हसली. मी तर चादरीत तोंड खुपसून हसले, ओल्या चादरीत, आणि मावशी म्हणाल्या, “गो, ती पाहुण्यांची.” बॅनरचं काय करायचं तेही त्यांनीच ठरवलं. कागद चिकटवायचा. “शनी काढून गुरू बसवतंय. कोणाक वायट वाटूचां ना.”

घरी येऊन खरी परीक्षा. मेसेजवाल्या कंपनीचं आम्हाला आठवड्याला दहा हजार मेसेजचं बंधन. रविवारच्या तीन फेऱ्यांत सात हजार गेले, रोजच्या उत्तरांत आणखी गेले, आणि सोमवारी संध्याकाळी उरलेले दोन हजार चारशे दोन. यादी दोन हजार तीनशे सोळा. म्हणजे एकदाच. चुकीला जागा नाही, आणि दोनदा पाठवायला तर नाहीच नाही.

ताईने आधी ते परत-परत पाठवणारं काढून टाकलं. मग तिने आपल्या बाजूला एक वही ठेवली, म्हणजे डेटाबेसमध्येच. प्रत्येक मेसेजला एक नाव, या मेसेजचं नाव ‘हरमल-गुरुवार’. पाठवायच्या आधी वहीत नाव लिहायचं. नाव वहीत असेल तर ते पाठवून झालं असं समजायचं, पोच आली नाही तरी. मी टेस्टिंगला बसले आणि बटण शंभर वेळा दाबलं, खोट्या यादीवर. एकच गेला. मग दोन टॅबमधून एकदम दाबलं. एकच. मग लॅपटॉपचा नेट काढून, लावून, काढून. एकच. इतकी खूश मी बारावीच्या रिझल्टला पण नव्हते.

मजकूर ताईने स्वतः लिहिला, सहा वेळा, आणि शेवटी हा ठेवला: “चूक माझी. आमच्या गावची जत्रा देवीन शनवारी दिल्यान. गुरुवारी तांच मंडळ हरमलाक. दोनूय दिवस येया. — गौरवी.”

आबा, मी, गोकुळदास, सगळे काजूच्या खोलीत. गोकुळदास फ्रिजला टेकून उभे. ताईने बटण दाबलं.

एक सेकंद. तीन. पाच. स्क्रीनवर टाइमआउट. कंपनीकडून पोच नाही.

“गेलां?” गोकुळदासांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“मग परत दाब.”

“नाही दाबायचं.”

“अगे पण गेलां नसल्यार?”

“नाही दाबायचं काका.” तिने हात मांडीखाली घेतले, खरंच, स्वतःच्या मांडीखाली दाबून धरले. आणि तेवढ्यात पडवीत, चार्जिंगला लावलेल्या आबांच्या फोनवर टुंग वाजलं.

आबा धावले. साठी उलटलेला माणूस धोतर सावरत धावला. मग गोकुळदासांचा खिसा वाजला. मग माझा. मग कुंपणापलीकडे शेजाऱ्यांकडे, आणि मग रस्त्यावरून कोणीतरी ओरडून विचारलं, “गौरवी, म्हणजे दोन नाटकां?”

आम्ही दहा मिनिटं थांबलो. दुसरा टुंग कोणाच्याच फोनवर आला नाही. ताईने मांडीखालून हात काढले तेव्हा ते पांढरे पडलेले.

गुरुवारी हरमलला किती माणसं आली ते मी मोजलं नाही, पण मावशींनी कदेलं आणली ती पुरली नाहीत, आणि त्यांच्या पाहुण्यांनी आपल्या योगाच्या चटया आणून वाळूत घातल्या, त्यावर आमच्या गावच्या म्हाताऱ्या बसल्या. अकरा बायका सगळ्यांत पुढे, नव्या साड्यांत, हातात हात धरून. नाटक सुरू व्हायच्या आधी पांडुरंगमामांनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं, तोंडाला अर्धा रंग लावलेला, गर्दी बघितली आणि परत आत गेले. आतून त्यांचा आवाज ऐकू आला, “अरे नीट करा रे, आज लोकां आसत.”

आणि शनिवारी पाच वाजता मंडळाची गाडी आमच्या चढावावरून वर आली. आबा सकाळपासून चढावाच्या टोकाला बसलेले, पिशवीत शेंगदाणे. गाडी दिसल्यावर उठले, ताईला शोधत आले आणि तिच्या हातात पिशवी दिली. मग जरा पुढे जाऊन, वळून, संकासुराचा आवाज काढला. देवळापुढची सगळी पोरं वळून बघायला लागली. ताई तिथेच मटकन पायरीवर बसून हसत राहिली, मी बाजूला, दोघींच्या डोळ्यांत पाणी, तोंडात शेंगदाणे.

पण ताई ती ताई. रविवारीच ती धाकूकाकांकडे गेली, मी पण. धाकूकाकांचा फोन बटणांचा, त्यांना मेसेज टाइप करता येत नाही आणि शिकायचं नाही. म्हणून ताईने एका फोनवाल्या कंपनीकडून दोन नंबर घेतले. पहिल्यावर मिस्कॉल दिला की उजवी पाकळी, दुसऱ्यावर दिला की डावी. मिस्कॉल पडल्या पडल्या सर्व्हिसला कळणार, आणि तोपर्यंत आमच्या गावाची तारीख कोणालाही पक्की म्हणून सांगायची नाही, त्या आठवड्यातली मंडळाची कुठलीच रात्र कोणाला द्यायची नाही.

“आणि काका, एकदाच द्या हां मिस्कॉल. दोनदा दिलात तरी मी एकच धरणार.”

धाकूकाकांनी फोन उलटसुलट करून बघितला. “बाय, देवीक एक गोष्ट दोनदां इचारूची नसता. उत्तर येयसर थांबूचां. हां तुका आता कळलां?”

ताईने मान खाली घातली. “हो काका. सोमवारी कळलं.”

“आमच्या आजोबांनी सांगलेलां,” काका म्हणाले आणि फोन खिशात घातला.

आता शिमग्याच्या आधीचा कौल गेल्या आठवड्यात होता. ताई, मी आणि आबा काजूच्या खोलीत स्क्रीनपुढे. या वेळी ताईने आबांना मुद्दाम देवळात जाऊ दिलं नव्हतं, सर्व्हिसची परीक्षा म्हणून, आणि आबा त्यावरून सकाळपासून रुसलेले. साडेदहाला उजव्या नंबरवर मिस्कॉल आला. स्क्रीनवर हिरवं झालं. ताईने माझा हात धरला. आणि तीन सेकंदांनी डाव्या नंबरवर मिस्कॉल आला.

हिरव्याचं पिवळं झालं. एकाच प्रश्नाला दोन उत्तरं. अशा वेळी काय करायचं तेही ताईने लिहून ठेवलेलं होतं, पण ते कधी चालेल असं मला वाटलं नव्हतं. आबांचा फोन वाजला. आबांनी उचलला. आतून ताईचाच रेकॉर्ड केलेला आवाज: “आबा, काय समजना. देवळात जावन इचारून येया.”

आबांचा रुसवा तिथल्या तिथे गेला. चप्पल घालायलाही थांबले नाहीत, स्कूटर काढली आणि गेले. पंधरा मिनिटांनी परत आले ते लांबूनच हसत.

“उजवी. उजवीच दिल्यान.”

“मग काकांनी डाव्यावर का लावला?”

“म्हणता, दुसरो नंबर लागता काय ना तां बघी होतंय.”

ताईने डोक्याला हात लावला. मग हाताने पिवळ्याचं हिरवं केलं आणि कोड उघडून बसली. तिच्याकडे एक यादी आहे, बाहेरच्या कोणासाठी किती वेळ थांबायचं त्याची. पंचांगवाला, पाच सेकंद. नकाशावाला, तीन. हवामानवाला, पाच. मेसेजवाली कंपनी, आता तीस. खाली धाकूकाका, आणि त्यांच्यापुढे आकडाच नाही. त्या ओळीखाली तिने त्या दिवशी नवीन ओळ घातली: जयराम. मी विचारलं, “आबांचे किती सेकंद?”

ती विचार करत बसली. बाहेर आबा गोकुळदासांना सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत होते, स्कूटर अजून चालूच.

“स्कूटरवर पंधरा मिनिटं,” ती म्हणाली आणि तसं लिहिलं. मग खोडून वीस केली. “वाटेत बोलत येणार.”